परभणीच्या उन्हात कोणतं इंजिन ऑईल?

परभणीकराला पेट्रोलचा भाव तोंडपाठ असतो. राज्यात सर्वांत महाग पेट्रोल कुठं, या बातमीत गेली कित्येक वर्षं आपल्याच जिल्ह्याचं नाव येतं. २०१८ च्या सप्टेंबरात इथं लिटरने नव्वदी ओलांडली, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात राज्यात आधी शंभरी गाठणाऱ्या शहरांत परभणी होतं. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर सुमारे तीनशे किलोमीटर येणार, तर त्याचं भाडं भावात बसणारच. पैशापैशाचा असा हिशेब ठेवणारा माणूस वर्षातून एकदा गाडीत पडणाऱ्या तीन-चार लिटर इंजिन ऑईलबद्दल मात्र एवढंच विचारतो, "कोणत्या कंपनीचं चांगलं?"

दुकानदाराकडं उत्तर तयार असतं. ज्या डब्यावर त्याला जास्त सुटतं, तो डबा चांगला. मिस्त्रीचंही स्वतःचं एक लाडकं नाव असतं. दोघंही खोटं बोलत असतील असं नाही. पण कंपनीचं नाव ही या खरेदीतली शेवटची गोष्ट आहे आणि आपण तिथूनच सुरुवात करतो.

डब्यात मुळात दोन गोष्टी असतात. एक मूळ तेल आणि दुसरी त्यात मिसळलेली रसायनं, म्हणजे ॲडिटिव्ह. साधारण आठ-नऊ हिस्से मूळ तेल आणि उरलेली रसायनं. ही रसायनं काजळी धरून ठेवतात, आम्ल मारतात, धातूवर पातळ थर बसवतात, फेस होऊ देत नाहीत. ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजून चार आहेत: लुब्रिझॉल, इन्फिनियम, आफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट. दुकानातल्या वीस नावांपैकी बहुतेकांची रसायनं याच चौघांकडून येतात. लुब्रिझॉलचा भारतातला जुना कारखाना तर नवी मुंबईत तुर्भ्याला आहे. मूळ तेलाचीही तीच गोष्ट. मुंबईच्या माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमचा देशातला सर्वांत मोठा वंगण-तेल शुद्धीकरण कारखाना आहे आणि शेजारीच भारत पेट्रोलियमचं उच्च प्रतीचं मूळ तेल बनवणारं युनिट आहे. दोन वेगळ्या रंगांच्या डब्यांत एकाच जातीचा माल असणं म्हणूनच काही नवल नाही.

मग 'सिंथेटिक' म्हणजे नेमकं काय? अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, मूळ तेलाचे पाच गट पाडते. पहिले दोन गट म्हणजे कच्च्या तेलातून गाळून साफ केलेलं खनिज तेल, आपलं 'मिनरल'. तिसऱ्या गटातलं तेलही कच्च्या तेलातूनच येतं, पण मोठ्या दाबाखाली आणि उष्णतेत हायड्रोजनची क्रिया करून त्याचे रेणू मोडून नव्याने घडवलेले असतात. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिनचा. हे तेल इथिलीनसारख्या वायूपासून रेणूला रेणू जोडून तयार करतात. या चारांत न बसणारं बाकी सगळं, एस्टरसकट, पाचव्या गटात.

१९७० च्या दशकात मोबिल-१ बाजारात आलं तेव्हा सिंथेटिक म्हणजे चौथा गट, असंच समजलं जाई. पुढं कॅस्ट्रॉलने आपल्या 'सिंटेक' तेलात स्वस्त असा तिसरा गट वापरायला सुरुवात केली आणि डब्यावर 'सिंथेटिक' तसंच ठेवलं. मोबिलने तक्रार केली. अमेरिकेतल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंनियामक विभागाने १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला: रेणू इतके बदलले असतील तर त्याला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही. त्या निकालाने बाजार पालटला. आज दुकानात 'फुल्ली सिंथेटिक' म्हणून मिळणारं बरंचसं तेल तिसऱ्या गटाचं असतं. ही फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. चांगलं बनवलेलं तिसऱ्या गटाचं तेल रोजच्या गाडीला पुरून उरतं. पण 'सेमी सिंथेटिक' या शब्दापासून जरा सावध राहावं. त्यात सिंथेटिक दहा टक्के की चाळीस, हे डबा सांगत नाही.

आता डबा हातात घ्या आणि मोठ्या अक्षरांतलं नाव सोडून बारीक अक्षरं वाचा. पहिला आकडा ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० असा असतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यात लवकर वाहतं. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. मागचा आकडा तेल १०० अंशांना तापल्यावर किती जाड राहतं ते सांगतो. तीसचं तेल त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) या पट्ट्यात, चाळीसचं १२.५ ते १६.३ मध्ये.

इथं परभणीत दोन गैरसमज हमखास भेटतात. पहिला म्हणजे, "आपल्याकडं ऊन लई, जाड ऑईल टाका." मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो हे खरं, पण कारचं इंजिन पाण्याने थंड होतं आणि थर्मोस्टॅट त्या पाण्याचं तापमान साधारण नव्वद अंशांच्या आसपास राखतो. बाहेर पंचेचाळीस असो की पंचवीस, तापलेल्या इंजिनातलं तेल शंभरच्या आगेमागेच राहतं. परभणीची गाडी आणि महाबळेश्वरची गाडी यांना म्हणून एकाच आकड्याचं तेल चालतं. हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलची गोष्ट वेगळी. तिला ऊन थेट भोवतं.

दुसरा गैरसमज याच्या उलट: "आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, मग झिरो-डब्ल्यू कशाला?" एक तर परभणीच्या थंडीला कमी लेखू नये. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या नोंदींत काही हिवाळ्यांत किमान तापमान पाच अंशांच्याही खाली गेलेलं आहे. दुसरं असं की, पंधरा-वीस अंशांनाही १५डब्ल्यूपेक्षा ०डब्ल्यू तेल पातळ असतं आणि सकाळी चावी फिरवल्यावर वरच्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोचतं. इंजिनाची मोठी झीज याच पहिल्या काही क्षणांत होते.

मारुतीच्या अलीकडच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांना कंपनी ०डब्ल्यू-१६ सांगते. हे तेल ओतताना पाहून जुने मिस्त्री बिचकतात, "हे काय, पाणी हाय का?" त्यांची शंका समजण्यासारखी आहे. त्यांचे हात अँबेसेडर, जीप आणि चाळीस नंबरच्या ऑईलवर तयार झाले. पण नव्या इंजिनांतल्या बेअरिंगच्या फटी आणि पंप याच पातळ तेलासाठी आखलेले असतात. त्यात १५डब्ल्यू-४० ओतलं तर गाडी बंद पडणार नाही, पण ॲव्हरेज घसरेल आणि सकाळी तेल वर चढायला उशीर लागेल. उलट बारा वर्षांच्या डिझेल गाडीत ०डब्ल्यू-१६ घालणं म्हणजे इंजिनकामाला आमंत्रण. गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा. तिथं लिहिलेला आकडा शेजाऱ्याच्या अनुभवापेक्षा मोठा.

मग उन्हाचा तेलाशी काहीच संबंध नाही का? आहे, पण जाडीशी नाही, टिकाऊपणाशी आहे. एसी चालू, पुढं उसाचा ट्रॅक्टर, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगतेय, अशा वेळी बॉनेटखालचं तापमान चढतं. तेल साधारण दहा अंश जास्त तापलं की त्याचं हवेशी होणारं विघटन दुपटीने वाढतं, असा ठोकताळा आहे. पिस्टनच्या रिंगांपाशी आणि टर्बोच्या बेअरिंगमध्ये तर ते शंभराच्या खूप वर जातं. तिथं मिनरल तेल लवकर घट्ट होतं, गाळ धरतं, आणि सिंथेटिक टिकतं. सिंथेटिकसाठी जास्तीचे पैसे मोजायचे ते याच गुणासाठी.

दुसरी बारीक ओळ एपीआयच्या वर्गाची. पेट्रोल इंजिनासाठी 'एस'पासून सुरू होणारी अक्षरं असतात. २०१० चा एसएन, २०२० चा एसपी, २०२५ चा एसक्यू. पुढचं अक्षर म्हणजे नवी, कडक परीक्षा, आणि नवं तेल जुन्या गाडीला चालतं. टर्बो-पेट्रोल गाडी असेल तर एसपीच्या खाली उतरू नका. लहान टर्बो इंजिनात कमी वेगावर जोर लावला की इंधन कधीकधी ठिणगीच्या आधीच पेट घेतं आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. तेलातलं जास्तीचं कॅल्शियम याला हातभार लावतं असं दिसल्यावर एसपी वर्गात त्याची खास चाचणी आली.

डिझेलवाल्यांनी इथं जास्त जपावं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. काजळी जळून जाते, पण तेलातल्या रसायनांची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये साचत जाते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं तेल लागतं. डब्यावर त्याची खूण म्हणजे युरोपच्या मोटार-उत्पादक संघटनेचे, एसीईएचे, सी-२, सी-३, सी-५ असे वर्ग. त्यात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. ट्रक-ट्रॅक्टरच्या एपीआय सीआय-४ वर्गाच्या तेलात राख सहसा एक टक्क्याच्या वर असते.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडं एकाच वाड्यात ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि कार नांदतात. शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी आणलेली ऑईलची बादली असते, आणि "त्यातलंच टाक की दोन लिटर" हे वाक्य ऐकू येतं. जुन्या बोलेरो-सुमोला ते आकडा आणि वर्ग जुळत असेल तर चालून जाईल. नव्या बीएस-६ डिझेलला नाही. डीपीएफ चोंदला तर बिल दहा वर्षांच्या ऑईलपेक्षा मोठं येतं. उलटही तसंच. कारचं उरलेलं महागडं सिंथेटिक मोटारसायकलमध्ये घालून तिचं भलं केल्यासारखं वाटतं, पण मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या तेलातली घर्षण कमी करणारी रसायनं क्लच घसरवतात. मोटारसायकलच्या डब्यावर जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए-२ लिहिलेलं हवं. स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिला एमबी.

आता ब्रँड. आकडा आणि वर्ग जुळला की मगच त्यांची तुलना करायची. पहिली गोष्ट, दोन कंपन्यांत जेवढा फरक असतो त्याहून जास्त फरक एकाच कंपनीच्या वरच्या आणि खालच्या डब्यात असतो. शेलचं हेलिक्स एचएक्स-५ आणि हेलिक्स अल्ट्रा, कॅस्ट्रॉलचं जीटीएक्स आणि एज, मोबिलचं सुपर १००० आणि मोबिल-१, ही घरं एकच, मजले वेगळे. "मी कॅस्ट्रॉलच वापरतो" या वाक्यातून म्हणूनच काही कळत नाही.

वरच्या मजल्यावरच्यांत थोडा फरक जरूर आहे. शेल आपल्या अल्ट्राचं मूळ तेल कतारमधल्या पर्ल प्रकल्पात नैसर्गिक वायूपासून बनवते. ते फार स्वच्छ असतं आणि कमी उडतं. मोबिल-१ ला पॉलिअल्फाओलेफिनचा जुना वारसा आहे. मोतुलचं एस्टरचं काम शर्यतीच्या गाड्यांत नावाजलेलं. लिक्वी मोली जर्मन, भाव चढा. पण परभणी-नांदेड रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या वॅगनआरला यातला फरक कळणार नाही, आणि चालवणाऱ्याला तर नाहीच. त्या पैशात एअर फिल्टर वेळेवर बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारी कंपन्यांना आपण उगाच खालचं समजतो. इंडियन ऑईलचं सर्वो १९७२ पासून आहे. हिंदुस्थान पेट्रोलियमचं एचपी आणि भारत पेट्रोलियमचं मॅक यांच्याकडंही एसपी वर्गाची पूर्ण सिंथेटिक तेलं आहेत. नव्या जातीचं तेल, विशेषतः ०डब्ल्यू-१६ किंवा सी-वर्गाचं, तालुक्याच्या ठिकाणी कदाचित मागवून घ्यावं लागेल. पण कंपनीच्या पंपावर घेतलेला डबा अस्सल असण्याची खात्री जास्त, आणि भावही सहसा कमी. व्हीडॉल हे तर फोर्डच्या मॉडेल-टीच्या काळातलं नाव. २०११ मध्ये त्याची जागतिक मालकी कोलकात्याच्या टाइड वॉटर ऑईलकडं आली. गल्फ हिंदुजांचं, व्हॅल्व्होलीन कमिन्सच्या भागीदारीतलं. या सगळ्यांची योग्य वर्गाची तेलं रोजच्या गाडीला चालतात.

तरी मन मानत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या तेलाचं तांत्रिक पत्रक मिळतं. त्यात 'नोआक' हा आकडा असेल तर तो पाहा. २५० अंशांवर एक तास ठेवल्यावर तेल किती टक्के उडून जातं ते तो सांगतो. एसपीच्या ५डब्ल्यू-३० सारख्या तेलांना १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, सी-वर्गाला १३ पर्यंत. दहाच्या आसपास असेल तर उत्तम. ज्याची गाडी ऑईल खाते त्याने हा आकडा आधी बघावा.

मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या नावाची 'जेन्युइन' तेलं काय असतात? मोटार कंपन्या तेल गाळत नाहीत. तेल कंपनीकडून आपल्या मापाचं बनवून घेतात आणि वर आपलं नाव लावतात. माल चांगला असतो, आणि नवीन गाडीला डोकं न खाजवता तोच घ्यावा. वॉरंटीची भीती दाखवली जाते, त्यावर एक माहिती असू द्या. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या बाजारातल्या मक्तेदारीबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजला गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्यालाही त्या आदेशाने हरकत घेतली. प्रकरण पुढं अपिलांत गेलं. व्यवहार म्हणून वॉरंटी असेपर्यंत पुस्तकात लिहिलेलंच तेल घाला आणि पक्कं बिल जपून ठेवा.

आता पैशांचं. समजा, मिनरल लिटरला ३५० आणि सिंथेटिक ७०० रुपये. साडेतीन लिटरला फरक १,२२५ रुपये. वर्षाला १० हजार किलोमीटर, अठराचं ॲव्हरेज आणि १०५ रुपयांचं पेट्रोल धरलं तर इंधनाचा खर्च ५८ हजारांच्या घरात जातो. पातळ सिंथेटिकने टक्का-दोन टक्के पेट्रोल वाचलं तर सहाशे ते बाराशे परत आले. म्हणजे निम्मा ते जवळजवळ सगळा फरक भरून निघतो, आणि इंजिन स्वच्छ राहतं ते वरकड. कंपनी जिथं सिंथेटिक सांगते तिथं हा विचारही करू नका. पंधरा वर्षांची, महिन्यातून दोनदा शेतावर जाणारी जुनी गाडी असेल, तर साधं तेल वेळेवर बदलणं पुरे.

एक लालूच मात्र टाळा. "सिंथेटिक हाय, वीस हजार चालतंय." मारुती-ह्युंदाईसारख्या कंपन्या दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं आधी येईल ते सांगतात, आणि धुळीत त्याआधी. आपल्याकडं धुळीला तोटा नाही. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांचा फुफाटा, सुगीत मळणीयंत्रांचा भुसा, वर रस्त्याची कामं. धुळीतली वाळू पिस्टन-रिंगांना घासते आणि कोणतंही तेल तिला विरघळवू शकत नाही. शाळा-बाजारापुरती दोन-दोन किलोमीटर फिरणारी गाडीही तेल लवकर खराब करते, कारण इंजिन पुरतं तापत नाही आणि पाणी-पेट्रोल तेलात उरतं. अशा गाडीचे किलोमीटर मोजू नका, महिने मोजा. आणि डिझेल गाडीचं तेल हजारभर किलोमीटरांत काळं झालं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. काजळी तेलाने उचलली, ती इंजिनात बसली नाही, असा त्याचा अर्थ.

शेवटी भेसळ. ज्याचा खप मोठा त्याची नक्कल मोठी, आणि ती उत्तम जमते ती कंपनीच्याच रिकाम्या डब्यात. बॅरलमधलं सुटं ऑईल कारमध्ये घालू नका. भाव फारच कमी सांगितला तर सोडून द्या. झाकणाची कडी अखंड आहे का, डब्यावरची तारीख आणि बॅच नंबर शाबूत आहेत का, क्यूआर कोड लागतो का, हे पाहा. डबा स्वतःच्या समोर फोडायला सांगा, फिल्टर नवा बसवून घ्या, आणि रिकाम्या डब्याला तिथंच भोक पाडा. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाही.

आणि चेंबरमधून निघालेलं काळं ऑईल? ते बैलगाडीच्या आसाला, दाराच्या चौकटीला, वाळवीवर, सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायची आपली जुनी सवय आहे. त्यात झिजलेले धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारी जळकी संयुगं असतात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. ते बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. गॅरेजवाल्याला विचारा, हे कोण नेतं? परवानाधारक पुनर्शुद्धीकरणवाल्याला देत असेल तर त्याच्याकडंच ऑईल बदलत जा.